शॉक, चुंबक आणि मेंदूतली तार: नैराश्यावरच्या उपचारांबद्दल गोव्यातल्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

घरातल्या कुणाचं नैराश्य गोळ्यांना दाद देईनासं झालं की कधीतरी डॉक्टर मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याचा विषय काढतात. मग पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन जातात, मोबाइलवर व्हिडिओ बघितले जातात आणि घरात दोन तट पडतात. एकाला शॉकची भीती वाटते, दुसऱ्याला नव्या मशिनची घाई झालेली असते. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतली मराठी कुटुंबं हमखास जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

माझं मत आधीच सांगते. या उपचारांपैकी ज्याला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ज्याचा गाजावाजा सर्वांत मोठा, त्याचा पुरावा बहुतेक वेळा अजून कोवळा असतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा आहे. त्यांना काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी ही उत्तरं.

आणि एक तातडीची गोष्ट: घरातलं कुणी मरणाबद्दल बोलत असेल तर हे पान पुढे वाचत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसत असेल तर १०८ ला फोन करा.

मेंदूला उत्तेजन म्हणजे नेमकं करतात काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. त्या संदेशांमध्ये बाहेरून वीज किंवा चुंबकीय क्षेत्र वापरून बदल घडवायचा, एवढीच मूळ कल्पना. पद्धती मात्र एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात, त्यात भूल देऊन काही सेकंद वीज सोडतात आणि मेंदूत मुद्दाम एक फीट आणतात. आरटीएमएसमध्ये डोक्याजवळ कॉइल धरून चुंबकीय ठोके देतात. त्यात माणूस जागा असतो. टीडीसीएसमध्ये कपाळावरून अगदी मंद प्रवाह सोडतात. डीबीएसमध्ये शस्त्रक्रिया करून मेंदूच्या आत तार बसवतात. मानेतल्या व्हेगस नसेला उत्तेजन देणारं यंत्रही आहे. अमेरिकेत त्याला नैराश्यासाठी २००५ मध्ये मान्यता मिळाली.

विजेची मात्रा बघितली की फरक ध्यानात येतो. ईसीटीचा प्रवाह साधारण ८०० मिलिअँपिअर असतो, पण फक्त काही सेकंद. टीडीसीएसचा १ ते २ मिलिअँपिअर, वीस-तीस मिनिटं. म्हणून ‘मेंदूला करंट देतात’ हे एकच वाक्य दोन्हींना लावणं बरोबर नाही.

नैराश्य हा मनाचा त्रास. त्याला विजेचा काय उपयोग?

विचार, झोप, भूक, हालचाल, सगळं मेंदूच्या जाळ्यांतूनच चालतं. तीव्र नैराश्यात कपाळामागचा, नियोजन करणारा भाग मंद पडतो आणि भावनांशी संबंधित खोल भागांवरचा त्याचा ताबा सुटतो, असं मेंदूच्या प्रतिमांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आरटीएमएसची कॉइल बहुतेक वेळा डाव्या कपाळाच्या वरच्या बाजूला ठेवतात ती याच कारणाने. चुंबकीय ठोका दोन-तीन सेंटिमीटरच आत पोचतो. पण तिथून निघणाऱ्या जोडण्या खोलवर जातात, आणि त्यांच्या वाटेने आतल्या भागांवर परिणाम घडवायचा असतो.

याचा अर्थ दुःखाची कारणं खोटी, असा मुळीच नाही. कर्ज, मृत्यू, एकटेपणा, घरातली मारहाण यांवर कुठलीही कॉइल चालत नाही. मेंदूला उभारी आल्यावर माणूस त्या गोष्टींशी झुंजू शकतो, आणि तेही काही कमी नाही.

शॉक ट्रीटमेंट अजून देतात? ती तर सिनेमात शिक्षा म्हणून दाखवतात.

देतात, आणि योग्य रुग्णाचा तिने जीव वाचतो. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचियो बिनी यांनी ती पहिल्यांदा माणसावर वापरली. त्या काळी ती भूल न देताच देत. शरीराला जोराचे झटके बसत, हाडंही मोडत. लोकांच्या मनात बसलेलं चित्र तिथलं आहे, आणि ती भीती तेव्हा खरीच होती.

आज प्रक्रिया अशी: सकाळी उपाशीपोटी नेतात. भूलतज्ज्ञ शिरेतून भुलीचं औषध आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. दातांमध्ये मऊ गुटका ठेवतात. काही सेकंद वीज सोडल्यावर मेंदूत फीट येते. ती बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. शरीर जवळजवळ हलत नाही. कित्येक ठिकाणी एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. त्या पावलाच्या थरथरीवरून फीट आली की नाही, किती वेळ टिकली, हे डॉक्टर बघतात. माणूस थोड्याच मिनिटांत जागा होतो. डोकं दुखणं, जबडा दुखणं, तासभर गोंधळल्यासारखं वाटणं हे नेहमीचं. आठवड्याला दोन किंवा तीन, अशा एकूण साधारण ६ ते १२ वेळा. मृत्यूचा धोका लाख उपचारांमागे सुमारे २, म्हणजे भूल देऊन केलेल्या कुठल्याही लहान शस्त्रक्रियेपेक्षा जास्त नाही.

खाणं-पिणं सोडलेला, दगडासारखा निपचित झालेला, भास होणारा किंवा आत्महत्येच्या टोकाशी पोचलेला रुग्ण असेल, तर गोळ्यांच्या परिणामाची चार-सहा आठवडे वाट बघायला वेळ नसतो. तिथे ईसीटीच्या तोडीचं दुसरं काही अजून निघालेलं नाही. म्हाताऱ्या माणसांनाही तिचा चांगला गुण येतो, आणि गरज पडल्यास गरोदरपणातही काळजीपूर्वक देता येते. ‘शॉक द्यायची वेळ आली म्हणजे सगळं संपलं’ असं मानून घरची माणसं महिनोन्‌महिने दवडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ईसीटीने स्मृती जाते हे खरं का?

काही अंशी खरं. हे लपवून संमती घेऊ नये. उपचाराच्या दिवसांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतल्या, कधी महिन्यांतल्या आठवणी पुसट होतात. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते. जुन्या आठवणींतल्या काही मात्र काहींना कायमच्या परत मिळत नाहीत. माझ्या आत्याने ज्या वर्षी ईसीटी घेतली, त्या वर्षीची चवथ तिला आठवत नाही. माटोळी कुणी बांधली, घरी कोण कोण आलं, सगळं कोरं आहे. तिला विचारलं तर ती म्हणते, तो व्यवहार तिला परवडला. दुसऱ्या कुणाला तो परवडणार नाही. त्याचं म्हणणंही तितकंच ऐकायला हवं.

धोका कमी करण्याचे मार्ग आहेत. वीज फक्त उजव्या बाजूने देणं, विजेचा प्रत्येक ठोका आखूड ठेवणं, दोन उपचारांमधलं अंतर वाढवणं. ‘आमच्या माणसाला कुठल्या पद्धतीने देणार आणि का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. उपचार सुरू होण्याआधी महत्त्वाच्या गोष्टी वहीत लिहून ठेवा: बँकेचे व्यवहार, पिन कुठे ठेवलाय, कुणाचं देणं-घेणं.

जबरदस्तीने शॉक देऊ शकतात का? कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्याला पूर्ण बंदी आहे. ‘आणीबाणीचा उपचार’ या सबबीखाली ती देता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती देण्यावर मनाई आहे. अगदीच गरज असल्याचं मानसोपचारतज्ज्ञाचं मत असेल, तर पालकांची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात.

याच कायद्याने दिलेला एक हक्क फार कमी लोक वापरतात. आपण बरे असताना ‘पुढे आजार बळावला तर मला असा उपचार द्या, असा देऊ नका’ हे आगाऊ लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते. ज्यांना नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा येतात, त्यांनी हे करूनच ठेवावं.

आरटीएमएसमध्ये काय होतं? दुखतं का?

खुर्चीत बसायचं, कानांत बोळे घालायचे. सुरुवातीला डॉक्टर कॉइल मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागावर धरून हाताचा अंगठा किती ताकदीच्या ठोक्याला उडतो ते बघतात. त्यावरून तुमची मात्रा ठरते. मग कॉइल कपाळाकडे सरकवतात आणि टकटक सुरू होते. पहिले काही दिवस टाळूवर टोचल्यासारखं वाटतं, डोकं दुखू शकतं. नंतर सवय होते. भूल नाही, स्मृतीवर परिणाम नाही, आणि उपचार झाला की आपल्या पायांनी घरी जायचं.

अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं. अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. जुन्या पद्धतीत रोज सुमारे ३७ मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे असा क्रम असतो. पुढे थीटा बर्स्ट नावाची, तीनच मिनिटांची पद्धत आली. कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०१८ मध्ये आलेल्या निकालात छोटी पद्धत मोठीपेक्षा कमी ठरली नाही. दोन्हींकडे जवळजवळ निम्म्या रुग्णांची लक्षणं निम्म्याने उतरली. एका यंत्रावर दिवसात कितीतरी जास्त रुग्ण बसवता येतात, म्हणून आपल्यासारख्या देशाला हा निकाल महत्त्वाचा.

मग किती जणांना खरंच गुण येतो? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा सांगतात.

या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण सगळी मेख इथेच आहे.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. झोपेत कलंडणाऱ्या स्त्रीवर हात पसरून उभे असलेले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. आपण तिथून शेकडो वेळा जातो. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले हे फारिया पॅरिसमध्ये नेमक्या याच प्रश्नाशी भिडले होते. तेव्हा मेस्मर नावाच्या वैद्याचा ‘प्राणिज चुंबकत्वा’चा उपचार युरोपभर गाजत होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए यांच्यासारख्यांची समिती नेमली. समितीने रुग्णांचे डोळे बांधून बघितलं. चुंबकत्व दिल्याचं नुसतं सांगितलं तरी रुग्णांना झटके येत, आणि न सांगता दिलं तर काहीच होत नसे. फारियांनी पुढे जाऊन सांगितलं की इथे कुठला अदृश्य द्रव नाही आणि उपचार करणाऱ्याकडे दैवी शक्तीही नाही. जे घडतं ते रुग्णाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या अपेक्षेतून आणि एकाग्रतेतून घडतं.

आरटीएमएसचं चुंबकत्व मात्र खरं आहे. अंगठा श्रद्धेने उडत नाही. पण मनाची उभारी काही प्रमाणात श्रद्धेनेही येते. रोज घराबाहेर पडायचं, कुणीतरी आस्थेने चौकशी करतं, समोर मोठं यंत्र, मनात आशा. नैराश्याच्या माणसाला एवढ्यानेही बरं वाटू शकतं. म्हणून चांगल्या चाचणीत निम्म्या लोकांना खोटी कॉइल लावतात. ती टकटकते, टाळूला टोचल्यासारखंही करते, पण मेंदूपर्यंत ठोका जात नाही. कुणाला कुठली लावली हे रुग्णाला आणि मोजमाप करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत खऱ्या कॉइलने सुमारे १४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, खोटीने ५ टक्के. फरक खरा आहे, पण बेताचा. नंतर मात्रा वाढल्या, ठोके वाढले, निकाल सुधारले. आज रोजच्या वापरात साधारण निम्म्यांना लक्षणीय आराम आणि तिसऱ्या हिश्शाला जवळजवळ पूर्ण आराम, असे आकडे येतात. पण त्यांत खोट्या कॉइलचा गट नसतो आणि बहुतेकांच्या गोळ्याही चालूच असतात. म्हणून कुणी तुम्हाला ‘आमच्याकडे ८० टक्के यश’ म्हणालं तर एकच विचारा: खोट्या उपचाराच्या गटात किती टक्के होतं?

पाच दिवसांत नैराश्य गेल्याची बातमी वाचली. ती खोटी का?

खोटी नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं हे काम आहे. एमआरआयवरून प्रत्येक रुग्णाची नेमकी जागा शोधायची आणि थीटा बर्स्टचे दिवसाला १० उपचार, असे ५ दिवस द्यायचे. आधीच्या खुल्या, म्हणजे खोटी कॉइल न वापरलेल्या, अभ्यासात २१ पैकी १९ जण बरे झाले. नंतर खोट्या कॉइलसह चाचणी झाली. तिच्यात खऱ्या उपचाराचे ७९ टक्के आणि खोट्याचे १३ टक्के रुग्ण चार आठवड्यांच्या काळात कधी ना कधी लक्षणमुक्त झाले. २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने या पद्धतीला मान्यताही दिली.

हे निकाल वाचून मलाही आनंद झाला. पण त्या चाचणीत सगळे मिळून २९ जण होते. आणि पाच दिवसांत बरं होणं वेगळं, सहा महिन्यांनी बरं असणं वेगळं. मोठ्या संख्येवर, वेगवेगळ्या देशांत हे टिकलं तर चित्र बदलेल. तोवर ‘स्टॅनफर्ड पद्धत’ अशी पाटी लावून दिवसाला दोन-तीन उपचार देणाऱ्यांपासून जपून राहा. नाव तेच असलं तरी उपचार तो नव्हे.

ऑनलाइन मिळणारा डोक्याचा पट्टा घरी वापरू का?

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. टीडीसीएसचे निकाल अजून एका दिशेला नाहीत. ब्राझीलमध्ये २४५ जणांवर झालेल्या चाचणीत (२०१७) ते खोट्या उपचारापेक्षा बरं ठरलं, पण एसिटॅलोप्राम या साध्या, स्वस्त गोळीची बरोबरी करतं असं सिद्ध झालं नाही. जर्मनीतल्या ८ इस्पितळांत गोळ्यांबरोबर ते देऊन बघितलं, तर २०२३ मध्ये आलेल्या निकालात ते खोट्या उपचाराहून काहीच सरस निघालं नाही. आणखी एका चाचणीत १७४ जणांनी घरी, पण व्हिडिओवरून देखरेख ठेवून ते वापरलं आणि २०२४ मध्ये आलेल्या निकालात फायदा दिसला. म्हणजे दार उघडं आहे, इतकंच. बायपोलर, म्हणजे उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येणाऱ्या आजाराच्या रुग्णाला असल्या पट्ट्याने उन्मादाकडे ढकललं जाण्याचा धोका असतो. तो आजार आहे की नाही, हे ऑनलाइन दुकान विचारत नाही.

मेंदूत तार बसवून नैराश्य जातं का?

डीबीएस अजून संशोधनातच आहे. हेलन मेबर्ग आणि शल्यविशारद आंद्रेस लोझानो यांनी टोरांटोत ६ रुग्णांवर ते करून २००५ मध्ये निकाल मांडले. कशालाच न बधलेल्या ६ पैकी ४ जणांना स्पष्ट फायदा झाला आणि जगभर आशा पालवली. मग ९० रुग्णांची मोठी चाचणी झाली. तारा सगळ्यांना बसवल्या, पण काहींचं यंत्र सहा महिने बंद ठेवलं. चालू असलेल्यांत २० टक्क्यांना आणि बंद असलेल्यांत १७ टक्क्यांना फायदा. चाचणी मध्येच थांबवावी लागली. चटका लावणारी गोष्ट पुढे घडली. त्याच रुग्णांचं यंत्र चालू ठेवून दोन वर्षांनी बघितलं, तर जवळजवळ निम्म्यांना चांगला आराम होता. सहा महिन्यांची मुदतच अपुरी होती का, तार नेमक्या जोडणीवर बसली नव्हती का, यावर आजही काम चालू आहे. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी एका स्त्रीच्या मेंदूत बसवलेल्या अशा यंत्राचा निकाल मांडला, जे तिच्या नैराश्याची चाहूल देणारा विद्युत संकेत ओळखून तेवढ्यापुरतंच उत्तेजन देतं.

भारतात मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात.

आरटीएमएस कुणी टाळावं?

डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल त्यांनी: कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप. दातांतल्या चांदीला हरकत नाही. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्या. वास्कोच्या गोदीत किंवा कुठल्याही वर्कशॉपमध्ये वेल्डिंग-ग्राइंडिंग केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आवर्जून सांगावं.

फीट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी आहे. पण तो वाढवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. एक दारू. रोज भरपूर पिणाऱ्याने उपचारासाठी म्हणून एकदम सोडली तर फीट येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. किती पितो हे डॉक्टरांपासून लपवू नका, कमी करण्याची वेळ आणि पद्धत त्यांना ठरवू द्या. दुसरी झोप. हॉटेल, कॅसिनो, कारखाना यांतली रात्रपाळी करून सकाळी थेट कॉइलखाली बसू नका.

रोज पणजीपर्यंत येणं जमत नाही. मध्ये खंड पडला तर?

एक-दोन दिवसांनी बिघडत नाही, पण आठवडाभर गेला तर घडी विस्कटते. वाळपई किंवा काणकोणहून रोज बसने येऊन-जाऊन सहा आठवडे काढणं नैराश्याच्या माणसाला झेपणारं नसतं. सोबतीला येणाऱ्याची मजुरीही बुडते. म्हणून सुरू करण्याआधीच बघा: तीन मिनिटांची पद्धत मिळते का, जवळच्या नातेवाइकाकडे महिनाभर राहता येईल का. तारवट्यांनी तर जहाजावर परतायची तारीख डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावी. अर्धा क्रम टाकून जाण्यापेक्षा पुढच्या सुट्टीत पूर्ण केलेला बरा. चवथ, जत्रा, शिमगा यांच्या तारखाही आधीच पाहून घ्या.

गोव्यात सुरुवात कुठून करायची?

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून, किंवा थेट बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळातून, म्हणजे आयपीएचबीतून. ते गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसराला लागूनच आहे. ओपीडीत जुने सगळे केसपेपर आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची यादी घेऊन जा: कुठली, किती मिलिग्रॅम, किती आठवडे. याला फार महत्त्व आहे. दोन वेगवेगळ्या गोळ्या पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तरच नैराश्य ‘औषधांना न बधणारं’ मानतात. कितीतरी जणांनी एकच गोळी कमी मात्रेत, तीही मध्येमध्ये सोडून घेतलेली असते. त्यांना मशिनची गरज नसते.

आणि नैराश्याच्या संशोधनात गोव्याचं स्वतःचं जे योगदान आहे, त्यात यंत्र कुठेच नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगत या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. सुटून गेलेली कामं, माणसं, आवडी हळूहळू पुन्हा दिनक्रमात आणायच्या, हे त्याचं सूत्र. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण सावरले होते, नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के. जगाने ही पद्धत उचलली. आपल्याच आरोग्य केंद्रात सिद्ध झालेली ही पायरी न चढता थेट लाखाच्या यंत्राकडे धावणं मला पटत नाही. अर्थात वर सांगितलेल्या जिवावरच्या स्थितीत गोष्ट वेगळी.

देवाचा कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. घरचे म्हणतात आता डॉक्टर नको.

गाऱ्हाण्याने घराला धीर येत असेल तर जरूर घाला. माझा त्याला विरोध नाही. पण उपचाराची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. घाड्याने गोळ्या बंद करायला सांगितलं, उपाशी ठेवलं, मारलं, तर त्याक्षणी थांबवा.

संशोधनात भाग घ्या म्हणून विचारलंय. घ्यावा का?

घेणाऱ्यांमुळेच वरचे सगळे आकडे आपल्याला माहीत झाले, म्हणून मी नको म्हणणार नाही. काही गोष्टी मात्र तपासा. चाचणी सीटीआरआय या भारताच्या नोंदवहीत आधी नोंदलेली असली पाहिजे. ही नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे आणि कुणालाही ऑनलाइन बघता येते. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असावं. मराठीतलं मागा, घरी नेऊन वाचा. आपल्याला खोटा उपचार मिळू शकतो हे त्यात लिहिलेलं असतं. तसं झालं तर चाचणी संपल्यावर खरा मिळणार का, हे विचारा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे मागत असतील तर उठून या. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला कायम आहे, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

विमा मिळतो का?

२०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषांवर संरक्षण द्यायचं आहे. तरी पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार वगळलेले असले तर आरटीएमएस अडकतं, कारण त्यासाठी भरती व्हावं लागत नाही. आधी लेखी विचारा आणि नकारही लेखीच घ्या.

उपचार संपले, माणूस हसायला लागला. गोळ्या बंद करू?

नका करू. ईसीटीने बरे झालेल्या रुग्णांवरचा २००१ चा एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. नंतर कुठलंही खरं औषध न मिळालेल्यांपैकी ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन आणि लिथियम दोन्ही घेणाऱ्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. उत्तेजनाने माणूस वर येतो, पण टिकवायला गोळ्या, समुपदेशन, आणि काहींना महिन्यातून एखादा जोड-उपचार लागतो.

पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहावं. अंगात ताकद आधी येते, मन नंतर सावरतं. हातपाय चालायला लागले पण निराशा अजून गेलेली नाही, अशा दिवसांत जिवाला धोका जास्त असतो. गोळ्यांचा साठा दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या, एका वेळी एका दिवसाच्याच हातात ठेवा. कुळागरासाठी आणलेलं कीटकनाशक घरात असेल तर ते आजच शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, किंवा कुलपात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवा. झोप पुन्हा पहाटे तीनला मोडू लागली, जेवण कमी झालं, भेटायला आलेल्यांना टाळणं सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी ओपीडीत जा.